झाडूचा मान

"झाडतोयस ना? मग हे झालं की आतले संडासपण घासून घे. ब्रश तिथंच आहे."

हॉलच्या दारात संस्थेच्या अध्यक्षांची बायको उभी होती. सगळे तिला वहिनीसाहेब म्हणायचे. शाळा संस्थेची, हॉल संस्थेचा आणि संस्था त्यांच्या घरची. मागे दोन बायका होत्या. मी मॅटच्या मधोमध गुडघ्यांवर होतो. अंगात पांढरं जॅकेट, कमरेला नवाकोरा ब्राऊन बेल्ट, हातात झाडू. वय पंधरा.

मला वाटलं, तिचा गैरसमज झाला असेल. म्हटलं, "मी क्लासचा आहे. ज्युडोचा."

"हो रे, माहीत आहे मला तू कुठला आहेस ते." मग मागे वळून त्या बायकांना म्हणाली, आवाज जराही कमी न करता, "यांच्या हाताला ते बसलेलंच असतं हो. शिकवावं लागत नाही. आपल्या पोरांना सांगून बघा, निम्मा केर तसाच राहतो."

बायका हसल्या. कुत्सितपणे नाही. कौतुकाने हसल्या. तेच जास्त लागलं.

तिचा मुलगा राजन आमच्याच क्लासमध्ये होता. ग्रीन बेल्ट. भिंतीला टेकून तो नखं कुरतडत होता. म्हणाला, "जा ना भाऊ. ब्राऊन बेल्ट मिळाला ना? मग ब्राऊनच काम."

मी गेलो.

का गेलो, हे मला बरीच वर्षं लोक विचारतात. ज्यांना कधी असं कोणी सांगितलेलं नसतं, तेच विचारतात. पंधरा वर्षांच्या पोराला दारात उभी राहून मालकीण सांगते, तेव्हा पाय आधी निघतात. डोकं नंतर येतं.

बादली भरली. पहिलं भांडं घासायला घेतलं. वाकलो तेव्हा पट्ट्याचं टोक खाली लोंबलं आणि त्या पाण्यात बुडलं. वास अजून नाकात आहे. फिनेलचा, मुताचा आणि नव्या कापडाचा. तिन्ही वास एकत्र. आजही नवीन कापडाचा वास आला की मला मळमळतं. बायको दुकानात साडी नाकाशी नेते, मी बाहेर जाऊन उभा राहतो.

त्या दिवशी मी सकाळपासून हवेत होतो, ते त्या झाडूमुळेच. हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

युनूस सरांच्या क्लासमध्ये झाडू लहान पोरांना मिळत नसे. नवीन आलेल्याला नाही, गरिबाला नाही, फी न भरणाऱ्यालाही नाही. झाडू मिळायचा फक्त सगळ्यांत वरच्या पट्ट्याला. ब्राऊन बेल्ट झाला की सर स्वतः झाडू आणून हातात द्यायचे. दोन्ही हातांनी. आपणही दोन्ही हातांनी घ्यायचा आणि वाकायचं. मग त्या दिवसापासून मॅटची जबाबदारी आपली. पांढऱ्या पट्ट्यातली पोरं मागे लागायची, "सर, आज मी झाडू?" सर म्हणायचे, "चल हट. पहले गिरना सीख."

सर मूळचे मालेगावचे. वडील पॉवरलूमवर कामगार. सरांची बोली म्हणजे मालेगावची हिंदी आणि नाशिकची मराठी, जी आधी तोंडात येईल ती. झाडूचं कारण ते असं सांगायचे: "अब्बा अपने लूम के नीचे खुद झाडू मारते थे. नया लडका सिर्फ कचरा देखता. पुराना आदमी देखता, धागा कहाँ टूटनेवाला है."

आमची मॅट म्हणजे काथ्याच्या गाद्या आणि त्यांच्यावर ताणून बांधलेली ताडपत्री. गादी सरकली की फट पडते. फटीत पायाचा अंगठा अडकला आणि वरून समोरच्याचं वजन आलं की अंगठा गेलाच. ताडपत्रीचा टाका उसवला की गाल सोलून निघतो. त्यामुळे झाडणाऱ्याने एका हाताने झाडत, दुसऱ्या हाताने चाचपत जायचं. ज्या मॅटवर सगळ्यांचे गाल टेकणार, ती ज्याला सगळ्यांत जास्त कळतं त्याने बघायची. इतका साधा हिशेब.

म्हणून मी गुडघ्यांवर होतो. म्हणून माझा ऊर भरून आला होता. आमच्या वस्तीतल्या पोरांमध्ये झाडू मिळालेला मी पहिला. आणि ती दारात उभी राहिली आणि तिला दिसला फक्त झाडू. पट्टा दिसलाच नाही. तिच्या डोळ्यांना झाडू आणि मी एवढंच एकत्र दिसू शकत होतं.

सर संध्याकाळच्या, मगरिबच्या नमाजाला गेले होते. परत आले, मॅटवर झाडू आडवा पडलेला. झाडू असा टाकून कोणी जात नाही. त्यांनी राजनला विचारलं. राजनने बोट दाखवलं.

सर संडासाच्या दारात आले. मी ब्रश घेऊन वाकलेलो. माझ्या हातातून ब्रश काढून घेतला, बादलीत टाकला. "हात धो. साबण से. कोपर तक." मी धुतले. पट्ट्याचं टोक त्यांनी स्वतः नळाखाली धरून पिळलं. मग मला दंडाला धरून हॉलमध्ये आणलं.

ती तिथंच होती. सर तिच्याशी मराठीत बोलले. नेहमीपेक्षा हळू, शब्द शोधत.

"मॅडम, संडास घासायचा असेल तर मला सांगायचं. क्लास माझा आहे, मी घासतो. हा पोरगा मॅट झाडत होता. ते काम मी त्याला दिलंय. क्लासमध्ये जो सगळ्यात वर आहे, त्याला देतो. तुमच्या राजनला अजून तीन-चार साल लागतील. मिळेल की नाही, ते पण माहीत नाही."

तिचा चेहरा पांढरा पडला. "सर, हॉल आमचा आहे, विसरताय तुम्ही."

"हॉल तुमचा," सर म्हणाले. "मॅट माझी."

आणि ताडपत्रीची दोरी सोडायला ते खाली बसले.

आम्ही सातआठ पोरं पुढे झालो. बाकीचे बाजूला उभे राहिले, राजनसारखे. त्यांना गाडीतून न्यायला यायचे. आम्ही गाद्या बाहेर काढल्या, हातगाड्या बोलावल्या. कॉलेज रोडवरून जुन्या नाशकापर्यंत त्या हातगाड्या ढकलत आणल्या. रस्त्यात लोक विचारत होते, "मंडपवाले का?" सर म्हणायचे, "हो हो, शादी है."

घरी गेलो तर आईने दारातच नाक वर केलं. माझी आई महापालिकेत सफाई कामगार. आमची जात सांगायची गरज नाही. आईचं काम सांगितलं की लोक आपली आपण काढतात. तिला वास ओळखायला वेळ लागत नव्हता.

"कुठं घासलंस?"

मी सांगितलं. झाडूपासून सांगितलं.

आई सकाळी शहराचे रस्ते खराट्याने झाडायची आणि घरी आम्हा भावंडांना केरसुणीला हात लावू द्यायची नाही. बहिणीलासुद्धा नाही. घर ती स्वतः झाडायची, पाठ मोडलेली असली तरी. "केरसुणीला हात लावला तर हात मोडीन," म्हणायची. हा तिचा एकच कायदा. आणि माझ्या हातात झाडू दिला होता माझ्या सरांनी. तिला वहिनीसाहेबांचा राग नंतर आला. आधी सरांचा आला.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून ती तशीच आली. पाण्याच्या टाकीचं आवार सरांनी ओळखीपाळखीने मिळवलं होतं. तिथं उघड्यावर गाद्या लावणं चाललं होतं.

"ओ सर," ती लांबूनच म्हणाली. "माझ्या पोराच्या हातात झाडू दिला तुम्ही?"

"दिया."

"मी काय त्याला तुमच्याकडं झाडायला धाडती? ते तर त्याला फुकाट मिळंल की. आमच्या घरातच हाय."

मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

सर म्हणाले, "ताई, यहाँ झाडू मिलती नहीं. कमानी पडती." मग त्यांनी झाडू घेतला आणि मॅट झाडायला लागले. एका हाताने झाडत, दुसऱ्याने चाचपत, गुडघ्यांवर सरकत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आई उभी. मध्ये एकदा ते थांबले, ताडपत्रीच्या शिवणीतून एक तुटलेली सुई काढली, तिला दाखवली आणि खिशात ठेवली. पुन्हा झाडायला लागले.

आईने पूर्ण होईस्तोवर बघितलं. मग माझ्याकडे वळली.

"घरात नाय झाडायचं. इथं ह्यांचा कायदा हाय तर इथं झाड. पण आपल्या मनानं. कोणी सांगितलं म्हणून नाय. कळलं?"

मी मान हलवली.

"आणि कोणी परत संडासाचं बोललं तर बादली त्याच्या डोक्यावर वत. मग मला बोलव."

सर हसले. आई हसली नाही. तिने थट्टा केली नव्हती.

टाकीच्या आवारात मी वाढलो. ब्लॅक बेल्टही तिथंच मिळाला. सरांविषयी मोठे शब्द वापरणार नाही, मला ते जमत नाहीत. जे झालं ते सांगतो.

ज्युडोत समोरच्याची कॉलर धरावी लागते. धरल्याशिवाय काही करता येत नाही. संस्थेच्या हॉलमध्ये काही पोरं माझी कॉलर धरून झाल्यावर हात पॅन्टला पुसायची. उघडपणे नाही. घाम पुसल्यासारखं. सरांच्या ते लक्षात आलं होतं. मग प्रत्येक वेळी जोडी लावताना ते आधी स्वतः माझ्याशी खेळायचे. माझी कॉलर धरायचे, माझा गाल त्यांच्या गालाला घासायचा, माझा घाम त्यांच्या दाढीला. मग त्या पोराला म्हणायचे, "अब तू आ. पक्का पकड." भाषण नाही, काही नाही. पुसणं बंद झालं. निदान त्यांच्यासमोर.

त्यांनी आधी पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि हात जमिनीवर असा आपटायचा की आवाज व्हायला पाहिजे. "गिरने में शरम नहीं. चुपचाप गिरने में शरम है." मी बारावीत आपटलो तेव्हा हेच. अंबडच्या कंपनीत हेल्पर म्हणून लागलो, रात्रीच्या कॉलेजातून बीकॉम केलं, तेव्हाही हेच. आज त्याच कंपनीत मी कॉस्टिंगला आहे. एखाद्या वस्तूत कोणत्या खात्याचा किती वाटा आहे, ते काढायचं माझं काम. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढे लागणार आहे.

आईचे शेवटचे दिवस दवाखान्यात गेले. सर रोज डबा घेऊन यायचे. एकदा आईने त्यांना विचारलं, "अजून हाच झाडतो का मॅट?" सर म्हणाले, "अभी तो इसकी बेटी का नंबर लगनेवाला है, ताई." आई म्हणाली, "तिला सांगा मी काय बोलले होते ते." म्हणजे ते तिच्या लक्षात होतं. मला वाटलं होतं, विसरली असेल.

आता गेल्या वर्षाचं.

टाकी गळकी झाली. पाडून नवी बांधायचं ठरलं. आवार रिकामं करायला सांगितलं. सर सत्तरी ओलांडलेले, दोन्ही गुडघे गेलेले, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शिकवायचे. क्लासमध्ये चाळीसेक पोरं. वडाळ्याची, भद्रकालीची, पंचवटीची. माझी मुलगी त्यांत. ब्राऊन बेल्टच्या परीक्षेला ती बसणार होती. जागा शोधून मी थकलो. शाळा भाडं सांगायच्या, मंगल कार्यालयं हसायची.

अशात राजनचा फोन आला. वडिलांनंतर आता तोच अध्यक्ष.

"ओळखलंस का? राजन. अरे, आपण एकाच मॅटवरचे!"

"ओळखलं."

"कुठं असतोस? काय करतोस? बरं ते सोड. सरांचं काहीतरी केलं पाहिजे यार. माणसाने आयुष्य घातलं. मी आपला नवीन हॉल देतो. एसी, इम्पोर्टेड मॅट. सकाळ-संध्याकाळ तुमचा. भाडं-बिडं काही नको."

मला त्या क्षणी खरोखर बरं वाटलं, हेही सांगतो. म्हटलं, माणसं बदलतात.

"एक गौरव सोहळा करू सरांचा," तो म्हणाला. "आणि तू बोलायचं. तुझं ते, आईचं वगैरे. पब्लिकच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. हॉलची घोषणा तिथंच करू."

तो मला तू म्हणत होता. मी त्याला तुम्ही म्हणत होतो. हे कधी ठरलं ते मला माहीत नाही. ठरलेलंच होतं.

आठवड्याने गंगापूर रोडला फ्लेक्स लागले. मी स्कूटर बाजूला घेतली. राजनचा फोटो दरवाजाएवढा, हात जोडलेला. वहिनीसाहेबांचा खिडकीएवढा. सरांचा रेशनकार्डाएवढा, कोपऱ्यात. आणि मध्ये माझा. सरांपेक्षा मोठा. ब्लॅक बेल्टमध्ये. तो माझ्या मुलीच्या फोनवरून कोणी घेतला, देव जाणे. माझ्या फोटोखाली लाल अक्षरांत वाक्य: "हातातला झाडू सुटला, कमरेला ब्लॅक बेल्ट आला! सफाई कामगाराच्या मुलाला घडवणारी आपली संस्था."

मी तिथंच रस्त्याच्या कडेला ओकलो. खोटं नाही सांगत. भर दुपारी, लोक बघत असताना. फिनेलचा वास आला मला. कुठून आला, कुणास ठाऊक.

घडवणारी. हा शब्द बघा. मी कॉस्टिंगचा माणूस. माझ्यात कोणाचा किती वाटा, हे मला सगळ्यांत जास्त कळतं. आईचा किती, सरांचा किती, ते मी सांगू शकतो. संस्थेचा वाटा म्हणजे एक संडासाचं भांडं. तेही अर्धंच घासलेलं.

आणि झाडू सुटला? त्यांच्या डोक्यात दुसरं काही येऊच शकत नाही. आमच्या हातात झाडू म्हणजे घाण, आणि तो त्यांनी काढला म्हणजे उपकार. तो माझ्या हातात पट्ट्याबरोबर आला, कमवून आला, हे त्या फ्लेक्सवाल्याला, त्याला मजकूर देणाऱ्याला, मजकूर वाचून मान डोलावणाऱ्याला, कोणालाच सुचलं नसतं. राजनला तर सुचायला हवं होतं. तो त्या क्लासमध्ये तीन वर्षं होता. झाडू त्याने कधी मागितलाच नाही, म्हणून तो काय असतो ते त्याला कळलंच नाही.

सरांकडे गेलो. फ्लेक्सचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून हळूहळू वाचला. मराठी वाचायला त्यांना वेळ लागतो.

"उलटा लिखा है," एवढंच म्हणाले.

"सर, मी नाही म्हटलं तर हॉल जाईल."

"हॉल तो पहले भी गया था." मग गुडघा चोळत हसले. "लेकिन तब ये दोनों अच्छे थे."

मी म्हटलं, "तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पांढऱ्या पट्ट्यातला पोरगा आहे. "मैं क्यों बताऊँ? पट्टा तेरा, माँ तेरी."

सोहळा नव्या हॉलमध्ये होता. हॉल खरंच सुंदर. मॅट निळी, गुबगुबीत, एक फट नाही. तिच्यावर सोफे ठेवले होते. सोफ्यांवर पाहुणे. पाहुण्यांच्या पायांत बूट. उंच टाचांचे सँडल त्या मॅटमध्ये रुतले होते. ज्युडोच्या मॅटवर आम्ही चप्पल घालून पाय ठेवत नाही. मॅटवर पाय ठेवण्याआधी वाकतो. आमची पोरं मॅटच्या कडेला अनवाणी उभी होती. पाहुण्यांना ओवाळायला माझ्या मुलीच्या हातात निरांजनाचं ताट दिलं होतं.

राजन आला. सिल्कचा कुर्ता, आणि कुर्त्यावर ब्लॅक बेल्ट. सोनेरी भरतकामात त्याचं नाव. कोणत्या तरी मंडळाने मानद म्हणून दिलेला. गाठ चुकीची होती. कमरेवर फुगलेली, पोत्याच्या गाठीसारखी.

सरांना शेवटच्या खुर्चीवर बसवलं होतं. अंगावर शाल, मांडीवर नारळ. एका पाहुण्याने त्यांना बाजूला सरकायला सांगितलं. फोटोत ते मध्ये येत होते.

वहिनीसाहेब पहिल्या सोफ्यावर. आता खूप म्हाताऱ्या. मला राजनने त्यांच्यापुढे नेलं. "हाच तो, आई." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "किती छान झालास रे. तुझी आई आपल्याकडेच होती ना कामाला?"

माझी आई त्यांच्याकडे कधीच नव्हती. आठवत काहीच नव्हतं त्यांना. हॉल नाही, बादली नाही, मी नाही. मला आयुष्यभर जो वास येतो, तो त्यांना एक दिवससुद्धा आला नाही. हात गालावर तसाच. मी तो काढून त्यांच्या मांडीवर ठेवला.

राजनने माइकवर सगळं सांगितलं. "ज्या हातांत खराटा असता, त्या हातांना आम्ही..." टाळ्या. मग माझं नाव.

मी बूट काढले. मॅटच्या कडेला वाकलो. माइकपाशी गेलो. जे बोललो ते असं:

"मी थोडक्यात बोलतो. बाहेरच्या फ्लेक्सवरचं वाक्य चुकीचं आहे. माझ्या हातातला झाडू कोणी काढला नाही. युनूस सरांनी तो माझ्या हातात दिला. ब्राऊन बेल्ट मिळाला त्या दिवशी, याच संस्थेच्या जुन्या हॉलमध्ये. मी मॅट झाडत होतो म्हणून मला संडास घासायला पाठवलं. कोणी पाठवलं, ते पहिल्या सोफ्यावर विचारा. सरांनी त्या दिवशी तो हॉल सोडला. मला संस्थेने घडवलं नाही. संस्थेने मला बादली दिली. घडवलं ते माझ्या आईने आणि या शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने. सर, तुमचे आभार मानायला मला इथं यायची गरज नव्हती. ते मी रोज मॅट झाडताना मानतो."

कोणी टाळी वाजवली नाही.

राजन हसत पुढे आला, माइकवर हात ठेवला. दात न उघडता म्हणाला, "काय चाललंय? आईचं वय बघ."

मी म्हटलं, "माझ्या आईचं नाव सांगा."

"काय?"

"फ्लेक्सवर तिचं काम छापलंय. नाव सांगा तिचं."

त्याला येत नव्हतं. तो इकडेतिकडे बघायला लागला, कोणीतरी सांगेल म्हणून. मी त्याच्या कमरेकडे बोट केलं.

"तो पट्टा सोडा, राजन. आणि बूट काढा. आमच्याकडे झाडू धरल्याशिवाय काळा पट्टा मिळत नाही. तुम्ही ग्रीनवर क्लास सोडलात. तुम्हाला अजून झाडू मिळालेला नाही."

पहिल्यांदा मी त्याला नुसतं राजन म्हणालो.

"हॉल विसरा मग," तो म्हणाला. आता माइकवरचा हात निघाला होता. सगळ्यांनी ऐकलं.

शेवटच्या खुर्चीवर सर उठले. उठायला त्यांना वेळ लागतो, कोणी हात दिला नाही, त्यांनी मागितलाही नाही. शाल काढली. घडी घातली, नीट, कोपऱ्याला कोपरा. खुर्चीवर ठेवली, वर नारळ. मग मॅटच्या कडेला आले, मॅटकडे तोंड करून वाकले. एवढे वाकले की मला वाटलं पडतील. आणि चालू लागले.

माझ्या मुलीने निरांजनाचं ताट जमिनीवर ठेवलं. फुंकर मारून विझवलं. आमची पोरं तिच्या मागून निघाली. सगळी नाही.

सगळी नाहीत, हे सांगायलाच हवं. काहींचे आईवडील दुसऱ्या दिवशी राजनकडे गेले. संस्थेच्या नव्या वर्गात आता एक तरुण कोच आहे, मॅट झाडायला एक बाई ठेवली आहे. आमच्याच वस्तीतली. सरांनी कोणाला अडवलं नाही. मलाही अडवू दिलं नाही. "बच्चे को मॅट चाहिए. जाने दे."

आमचा क्लास आता माझ्या घराच्या गच्चीवर आहे. वर पत्रा, दोन पाळ्या. उन्हाळ्यात पत्रा तापला की पोरांच्या अंगावर पुरळ येतं. सरांना जिना चढवत नाही. ते खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि वरून येणारा आवाज ऐकतात. मध्येच ओरडतात, "कौन गिरा रे? हाथ नहीं मारा!" आणि त्यांचं चुकत नाही. कुठलीतरी पोर वरून ओरडते, "सॉरी सर!"

माझी मुलगी परीक्षा पास झाली. झाडू द्यायला सर वर आले. मी आणि एका पालकाने त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांनी दोन्ही हातांनी दिला. तिने दोन्ही हातांनी घेतला, वाकली, गुडघ्यांवर बसली. एका हाताने झाडत, दुसऱ्याने चाचपत.

मी जिन्याच्या दारात उभा होतो. मला ठाऊक आहे, असं कुठलंतरी दार तिच्याही वाट्याला येणार. कॉलेजात येईल, नोकरीत येईल, बहुतेक चांगल्या कपड्यांत येईल आणि हसून कौतुक करील. त्या दारात कोणीतरी उभं राहून म्हणेल, हे झालं की ते पण कर.

आजी काय म्हणाली होती, ते मी तिला सांगितलं. बादलीसकट सांगितलं. सफाई कामगाराची नात म्हणून कोणी तिचा फोटो लावला तर तो मी माझ्या हाताने उतरवीन, तोही कोणाला न विचारता. आणि मॅट आम्हीच झाडू.

झाडू आम्ही सोडणार नाही. कोणी सांगितलं म्हणून उचलणारही नाही.